गव्हाणीपाशी मूल : आपल्या नाताळच्या बालवाङ्मयाविषयी काही विचार

नाताळ विशेषांकांत मुलांसाठी चार-सहा पाने राखून ठेवलेली असतात. कोपऱ्यात चांदणी, खाली घंटा, मध्ये एखादी कथा, दोन कविता, एक शब्दकोडे. मोठी माणसे ही पाने उलटून पुढे जातात आणि समीक्षकही त्यांच्या वाटेला जात नाहीत. वास्तविक अग्रलेख वाचून कुणाच्या श्रद्धेचा पाया घातला गेल्याचे ऐकिवात नाही. तो सहाव्या-सातव्या वर्षी कानांवर पडलेल्या गोष्टींनीच घातला जातो. म्हणजे ज्या लेखनावर सर्वांत अधिक जबाबदारी, त्याचीच चिकित्सा आपण सर्वांत कमी करतो. धर्मग्रामात सादर होणाऱ्या नाताळच्या नाटिका, धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितल्या जाणाऱ्या कथा आणि घरी आईवडिलांनी झोपताना सांगितलेल्या गोष्टी हेही याच वाङ्मयाचे भाग होत.

लहान मुलांच्या नाताळात श्रद्धा केंद्रस्थानी कशी राहील, असा प्रश्न पालक वारंवार विचारतात. त्याचे उत्तर बहुधा शिस्तीच्या भाषेत दिले जाते : खरेदी आवरा, दूरचित्रवाणी आणि मोबाइल बाजूला ठेवा, मिस्साला वेळेवर या. ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न शिस्तीचा होण्याआधी वाङ्मयाचा आहे. मुलाला कोणती गोष्ट सांगितली, किती सांगितली आणि कोणत्या भाषेत सांगितली, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

तीन साचे आणि एक कसोटी

आपल्या बालविभागांतील कथांचे ढोबळमानाने तीन साचे दिसतात. पहिल्यात गरीब मुलाच्या दारी मध्यरात्री सांताक्लॉज येतो आणि त्याच्या उशाशी भेट ठेवून जातो. दुसऱ्यात सुखवस्तू घरातले हट्टी मूल आपला नवा सदरा झोपडीतल्या मुलाला देते आणि एका रात्रीत शहाणे होते. तिसऱ्यात आई आजारी असते, मूल चर्चमधील मूर्तीपुढे रडते आणि नाताळच्या सकाळी आई खडखडीत बरी होते.

या कथांचे हेतू निर्मळ आहेत, त्यांतून मुलांवर काही चांगले संस्कारही होत असतील. तथापि एक साधी कसोटी त्यांना लावून पाहावी. कथेतून येशूजन्म काढून घ्यावा आणि त्या जागी दुसरा कोणताही सण ठेवावा. कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर ती नाताळची कथा नव्हे. वरील तिन्ही साचे या कसोटीला उतरत नाहीत. पहिल्यात बाळ येशूचा मागमूस नाही, दुसऱ्यात तो निमित्तमात्र आहे आणि तिसऱ्यात त्याला औषधाच्या बाटलीचे काम दिलेले आहे. आईला बरे करणारा देव मुलाला चटकन कळतो, हे खरे. पण पुढच्या वर्षी कुणा मुलाची आई बरी होत नाही, तेव्हा या कथेजवळ त्याला देण्यासारखे काहीच उरत नाही.

आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी ‘जन्म’ एवढाच अर्थ आहे. इंग्रजी ‘ख्रिसमस’ या शब्दात ख्रिस्त आणि मिस्सा दोन्ही सामावलेले आहेत. शब्दांनी जे जपले, ते कथांनी गमावू नये, एवढीच अपेक्षा आहे.

मूळ कथा किती थोडकी आहे

संत लूकने येशूजन्माची कथा सांगितली आहे ती विलक्षण काटकसरीने. प्रत्यक्ष जन्माला त्याने एका वाक्याहून अधिक जागा दिलेली नाही : आईने मुलाला बाळंत्यात गुंडाळले, गव्हाणीत ठेवले, कारण उतरण्याच्या ठिकाणी जागा नव्हती. आपल्या नाटिकांत हमखास येणारा, ‘जागा नाही’ म्हणून दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक शुभवर्तमानात कुठेही नाही. मरियेला वाहून नेणारे गाढव नाही. मागी लोक राजे होते किंवा तिघे होते, असेही संत मत्तयने म्हटलेले नाही. तीन भेटींवरून ती संख्या रूढ झाली. बैल आणि गाढव गव्हाणीपाशी आले ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून. मुकी जनावरे आपल्या धन्याला आणि त्याच्या गव्हाणीला ओळखतात, पण देवाची प्रजा देवाला ओळखत नाही, अशी तिथे संदेष्ट्याची तक्रार आहे.

ही भर घालू नये, असे येथे सुचवायचे नाही. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्यो येथे संत फ्रान्सिस असिसीकर यांनी गवत, बैल आणि गाढव आणून मध्यरात्रीच्या मिस्साच्या वेळी जो देखावा मांडला, तो जगभरच्या गोठ्यांचा मूळपुरुष ठरला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्योहून पत्र काढून ही प्रथा घरोघरी जपण्याचे आवाहन केले होते. परंतु संत फ्रान्सिसने घातलेली भर आणि आपल्या नाटिकांतील भर यांत अंतर आहे. त्याच्या मांडणीत प्रत्येक वस्तू गव्हाणीकडे बोट दाखवते. आपल्या पुष्कळशा नाटिकांत मात्र हेरोदाचा दरबार, देवदूतांचे नृत्य आणि मालकाचे विनोद यांतच वेळ सरतो. बाळ येशू शेवटच्या दोन मिनिटांत बाहुलीच्या रूपाने येतो आणि पडदा पडतो.

‘गव्हाण’ या अर्थाचा शब्द लूकने जन्मकथेत तीनदा वापरला आहे. देवदूत मेंढपाळांना जी खूण सांगतात, तीही चांदणीची नव्हे, गव्हाणीतल्या बाळाची. मेंढपाळांच्या ओळखीची वस्तू तेवढीच होती. देवाने आपली खूण त्यांच्या रोजच्या वापरातली निवडली, ही या कथेची कलात्मक आणि धर्मशास्त्रीय अशी दुहेरी थोरवी आहे.

सुलतानपूरच्या मुलांना काय समजावून सांगावे लागत नाही

हे लिहिताना लोणार तालुक्यातील सुलतानपूरचा परिसर डोळ्यांपुढे आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात बुलढाणा जिल्हा येतो. वसईसारखी येथे गावेच्या गावे कॅथलिक नाहीत. कुटुंबे थोडी, विखुरलेली. मध्यरात्रीच्या मिस्सासाठी अंतर तोडून जाणे लहान मुले असलेल्या घराला दरवर्षी साधतेच असे नाही. शहरातील मुलाच्या नाताळात घरच्यांच्या हातून काही निसटले, तर धर्मग्राम, शाळा, शेजार यांपैकी कुणी ते सावरून घेते. येथे घराने सांगितले नाही, तर दुसरे सांगणारे कोणी नाही. बाकीचा नाताळ मुलाला मोबाइलच्या पडद्यावरून मिळतो, आणि त्यात बर्फ असते, घसरगाडी असते, गव्हाण नसते.

पण हेच मूल एका अर्थी शहरातल्या मुलापेक्षा श्रीमंत आहे. गोठा म्हणजे काय, गव्हाणीला कसला वास येतो, हे त्याला चित्र दाखवून शिकवावे लागत नाही. डिसेंबरात कापसाची वेचणी चाललेली असते, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला बाप रात्रीचा शेतात जातो, राखणीला बसलेली माणसे शेकोटी पेटवतात. रात्री रानात जागणाऱ्या मेंढपाळांची गोष्ट ही त्याच्याच घरातली गोष्ट आहे. आकाशातून काही पृथ्वीवर उतरले, यावरही त्याचा विश्वास बसायला अडचण नाही. अशनीच्या आघाताने झालेले लोणारचे सरोवर त्याच्या शेजारीच आहे.

‘उतरण्याचे ठिकाण’ म्हणून ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण करतो, तोच शब्द लूकने शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे. उलट चांगल्या शमरोनीच्या दाखल्यातील खाणावळीसाठी त्याने वेगळा शब्द योजला आहे. म्हणून अनेक अभ्यासक येथे पाहुण्यांच्या खोलीचा अर्थ घेतात : घर पाहुण्यांनी भरलेले होते, म्हणून बाळंतिणीची सोय जनावरांच्या जागेत झाली. लग्नघरात माजघर आणि ओसरी भरली की उरलेल्यांची पथारी कुठे पडते, हे आपल्या खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. कठोर मालकाच्या नाट्यापेक्षा हे चित्र अधिक खरे वाटते आणि अधिक बोचतेही. देवाला दाराबाहेर ठेवायला दुष्ट माणूस लागत नाही. घर गच्च भरलेले असले की पुरते. नाताळच्या गडबडीत आपलीही घरे अशीच भरून जात नाहीत काय?

एका विनवणीतून जन्मलेले पुराण

मुलांना सांगायला आपल्या भाषेत गोष्ट कुठे आहे, अशी तक्रार करण्याचा अधिकार मराठी कॅथलिकांना नाही. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपण त्यातील मराठीच्या गौरवासाठी आठवतो, शाळेच्या पुस्तकात त्याच्या चार ओव्या वाचतो आणि कपाटात ठेवतो. तो जन्मला कशातून, हे मात्र विसरतो. ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग असा आहे : साष्टी प्रदेशात पाद्री गुरू ख्रिस्ती लोकांना धर्मशिकवण सांगत असता एक ब्राह्मण त्यांना विनवतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, आता त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असा त्या विनवणीचा भाव आहे.

धर्मशिक्षणाच्या इतिहासात इतकी मार्मिक तक्रार क्वचितच नोंदली गेली असेल. प्रश्नोत्तरे पाठ झाली, प्रार्थना मुखोद्गत झाल्या, तरी माणसाची गोष्टीची भूक उरतेच. ती भागवली नाही, तर माणूस दुसरीकडे जातो. स्टीफन्स यांनी ही तक्रार मानली आणि लोकांच्या कानाला सवयीची ओवी, लोकांना परिचित अशी पुराणाची घडण आणि ‘वैकुंठ’सारखे त्यांचेच शब्द घेऊन तारणाची कथा सांगितली. आज आपल्या मुलांची विनवणी याहून निराळी नाही. फक्त ती शब्दांत येत नाही. आपण त्यांना सांताक्लॉज नको, बाजारू गाणी नकोत, असे सांगतो. मग त्यांच्या जागी काय देता, असे मुलाने विचारले, तर आपल्यापाशी उत्तर हवे.

पुराणाचे पुढचे भाग्यही बोधप्रद आहे. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले. ज्या भाषेत आई गोष्ट सांगते, तीच तोडण्याचा हा प्रयत्न होता. पुराणाच्या पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ टिकला, तो हस्तलिखितांमुळे. मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला-गायला गेला आणि तेथूनच १९०७ मध्ये जोसेफ सल्डाना यांची आवृत्ती निघाली. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला आणि १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची गद्य अनुवादासह आवृत्ती आली. सत्तेने मोडू पाहिलेली कथा घरांनी जगवली, असा याचा अर्थ आहे.

बंधुपंथीयांकडूनही येथे शिकण्यासारखे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. मुलांना स्वतंत्र वाचक मानणाऱ्या मराठीतील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. नारायण वामन टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्यांना रीतसर शाळा मिळाली नव्हती, त्या बाईंनी घरातल्या बोलीवर विसंबून हे धाडस केले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’तील भाषा आठवावी : अवजड शब्द नाही, उपदेशाचा आव नाही, आणि तरी श्रद्धा प्रत्येक पानाआडून बोलते. आपल्या बालविभागांतील ‘अखिल मानवजातीच्या उद्धारार्थ अवतरलेले’ असली वाक्ये लिहिणाऱ्यांनी ही पाने पुन्हा एकदा वाचावीत.

हेरोदाला वगळू नये

आमच्या बालवाङ्मयाचा सर्वांत मोठा दोष अजून सांगायचा आहे. ते अंधाराला भिते. मेंढपाळ येतात, मागी येतात, पडदा पडतो. हेरोदाने केलेला बालवध, रात्रीतून मिसर देशाकडे निघालेले आईबाप, हा भाग ‘मुलांना सोसणार नाही’ म्हणून गाळला जातो. ख्रिस्तसभेच्या पंचांगाने मात्र असे संरक्षण दिलेले नाही. २५ डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी रक्तसाक्षी संत स्तेफनचा सण आणि २८ला निष्पाप बालकांचा.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी कुटुंब वर्षात, १३ डिसेंबर १९९४ रोजी, जगातील मुलांना नाताळनिमित्त एक पत्र लिहिले. बालवाङ्मयाचा नमुना म्हणूनही ते अभ्यासण्यासारखे आहे. त्यात बेथलेहेम आहे, मेंढपाळ आहेत, चांदणी आहे. आणि त्यानंतर लगेच हेरोद आणि मिसरचे पलायनही आहे. येशूवर जे ओढवले ते आजच्या अनेक मुलांवर ओढवते, भूक, युद्ध, घर सुटणे, हे पोप मुलांपासून लपवत नाहीत. पुढे ते मंदिरातल्या बारा वर्षांच्या येशूकडे आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाकडे वळतात आणि अखेर मुलांकडे एक काम सोपवतात : कुटुंबांसाठी आणि शांतीसाठी प्रार्थना करा. मुलाच्या दुःखापाशी थांबून मग त्याच्यावर जबाबदारी टाकणे, ही खरी आदराची रीत आहे. आपल्या कथा मुलाला भेट देतात. हे पत्र मुलाकडे काहीतरी मागते.

पाच वर्षांच्या मुलाला रक्तपाताचे वर्णन अर्थातच सांगू नये. ‘एक राजा घाबरला, त्याला बाळ नको होते, तेव्हा योसेफाने आईला आणि बाळाला रातोरात परमुलुखात नेले’ एवढे पुरे. मोठा झाल्यावर उरलेले तो स्वतः वाचील. आमच्या भागात दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे मुले डोळ्यांनी पाहतात. त्यांतल्या एखाद्या मुलाचे बाक वर्गात रिकामे राहते. येशूही असाच गेला होता, हे कळलेल्या मुलाला त्या रिकाम्या बाकाकडे पाहताना निराळे वाटेल.

नाताळबाबाचे काय?

सांताक्लॉजवर बहिष्कार घालावा काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे बिशप असलेले संत निकोलस हे त्याचे मूळ. ६ डिसेंबरला त्यांचा सण येतो. परंपरा सांगते, हुंड्यासाठी पैसा नसलेल्या एका बापाच्या तीन मुलींसाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट कळायला तळटीप लागणार नाही. तिचा गाभा गुप्ततेत आहे : देणारा लपतो, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली होत नाही. लाल डगल्यातला आजचा बाबा मात्र दुकानाच्या दारात उभा राहतो आणि स्वतःलाच दाखवतो. मूळ कथा सांगितली की मुलालाच दोहोंतला फरक कळतो. बंदी घालण्याचे कारण उरत नाही.

घर हेच पहिले व्यासपीठ

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ म्हटले आणि आईवडील हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षक असल्याचे सांगितले. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या जिजाऊंनी बाल शिवाजीला सांगितलेल्या कथांची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. आईच्या तोंडची गोष्ट राज्य घडवू शकते, हे ज्या मातीला ठाऊक आहे, तिथल्या ख्रिस्ती आईला तिचे सामर्थ्य वेगळे पटवून द्यायला नको.

साधने महाग नाहीत. आगमनकाळात घरातल्या मातीचा, कडब्याचा गोठा मुलांनीच करावा, आणि गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. वाट पाहणे हाही श्रद्धेचा धडा आहे. त्या रात्री लूकचा दुसरा अध्याय घरातल्या कुणीतरी मोठ्याने वाचावा. भाषा जड वाटली, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेले आणि २०२४ मध्ये दिवंगत झालेले हे धर्मगुरू आपल्या घराघरांसाठीच ते मागे ठेवून गेले आहेत. आठव्या दिवशी, १ जानेवारीला, बाळाचे ‘येशू’ हे नाव ठेवले गेले. बारशाचा पाळणा आपल्या आयाबायांच्या ओठांवर आहेच. त्या दिवशी तो बाळ येशूसाठी म्हणायला काय हरकत आहे? नव्या ओव्या रचून पाहाव्यात, त्यांत घरातल्या मुलांनाही आपली एक ओळ घालू द्यावी.

संपादकांना आणि लेखकांना एवढीच विनंती, की पुढच्या नाताळ अंकाचा बालविभाग अखेरच्या क्षणी उरलेल्या जागेत भरू नये. मुलांसाठी लिहिताना तीन गोष्टी तपासाव्यात : कथेच्या मध्यभागी गव्हाण आहे काय, भाषा घरातली आहे काय, आणि कथा वाचून झाल्यावर मुलाला करण्यासारखे काही उरते काय. साष्टीतल्या त्या विनवणीला चारशे वर्षे उलटून गेली. तिचे उत्तर एकदा देऊन संपत नाही; प्रत्येक पिढीला आपल्या मुलांसाठी ते नव्याने द्यावे लागते.

(सुलतानपूर, जि. बुलढाणा)